मालव्याचा दाणा आणि जगाचा तराजू

(गणेशोत्सवात, रविवार, १५ सप्टेंबर २०२४ रोजी इंदूर येथे मंडळाच्या सभागृहात झालेले व्याख्यान. व्याख्यानात ज्या आयात शुल्काचा उल्लेख आहे, ते ३० मे २०२५ पासून कच्च्या तेलापुरते पुन्हा निम्म्यावर, म्हणजे १० टक्क्यांवर आणण्यात आले. वक्त्यांच्या इच्छेनुसार मूळ मजकुरात बदल केलेला नाही.)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, आणि मधल्या वेळात मला उभे केले आहे. चिटणीसांनी फोनवर विषय सांगितला, "जागतिक कृषी व्यापार, माणूस आणि निसर्ग". मी म्हटले, अहो, मी सोयाबीनच्या प्लांटमध्ये चौतीस वर्षे खरेदी विभागात काढली. जगाचे मला काय विचारता? मला एक दाणा माहीत आहे. ते म्हणाले, "दाण्यावरच बोला." तेव्हा दाण्यावर बोलतो.

येताना मी स्वयंपाकघरात डोकावलो. पुऱ्यांसाठी पंधरा किलोचे दोन डबे फोडलेले दिसले. रिफाइंड सोयाबीन तेल. आता आपण राहतो कुठे? देशात ज्याला सोयाबीनचे माहेर म्हणतात त्या मालव्यात. सोयाबीन उद्योगाची संघटना १९७९ साली याच शहरात सुरू झाली, सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ पासून याच शहरात आहे. तरीही त्या डब्यातले तेल मालव्यातले असेलच, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. अर्जेंटिनात पराना नदीच्या काठी रोसारियोच्या आसपास गाळलेले तेल जहाजाने कांडल्याला उतरते, तिथे रिफाइन होते आणि टँकरने आपल्याकडे येते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते. २०२२-२३ या तेलवर्षात हा आकडा १६० लाख टनांच्या वर गेला होता.

याचे कारण समजायला शंभर किलो सोयाबीन डोळ्यांसमोर आणा. गाळल्यावर तेल निघते जेमतेम अठरा किलो. ऐंशीच्या आसपास किलो निघते पेंड, मंडीच्या भाषेत डीओसी. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो खरे, पण प्लांटमध्ये आमचा सगळा जीव पेंडीत असायचा. ती पेंड कोंबड्यांना, डुकरांना, माशांना जाते. जगात सोयाबीन वाढले ते लोकांना तेल हवे होते म्हणून कमी आणि लोक अंडी-मांस जास्त खाऊ लागले म्हणून जास्त. हे एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यातून निघते.

मालव्यात हा दाणा आला कसा, ते इथल्या साठीपुढच्या मंडळींनी पाहिले आहे. आपली काळी, चिकट, भारी जमीन. पावसाळ्यात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणून बरीच रानं पावसाळाभर मोकळी ठेवायची आणि त्या मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू, हरभरा घ्यायचा, ही इथली जुनी पद्धत. आपल्या दाल-बाफल्यांचा कठिया गहू असाच, पाण्याशिवाय यायचा. बाकी ज्वारी, तूर, मूग, उडीद, थोडा कापूस. साठीच्या दशकाच्या शेवटी जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पिवळ्या सोयाबीनच्या चाचण्या सुरू केल्या. मोकळ्या पडणाऱ्या जमिनीत पावसाळ्याच्या साडेतीन महिन्यांत येणारे पीक, मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र धरणारे, आणि दिवाळीच्या आधी हातात रोख पैसा देणारे! शेतकऱ्याने ते उचलले यात नवल नाही. देवासजवळच्या माझ्या मामांच्या घरावर कौले जाऊन स्लॅब पडला तो सोयाबीनमुळे. मामेबहिणींची लग्ने, पहिला ट्रॅक्टर, सगळे सोयाबीनचे. त्यामुळे या दाण्याला नावे ठेवणारे भाषण माझ्याकडून होणार नाही. मी त्याचे मीठ खाल्ले आहे.

पण जे पाहिले तेही सांगायला हवे. हळूहळू ज्वारी गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गुरे कमी झाली, आणि गुरे कमी झाली तसे शेणखत. सोयाबीनच्या पैशांतून कूपनलिका झाल्या, कूपनलिकांवर पाण्याचा गहू आला, आणि ओलीवरचा गहू मागे पडला. मामांच्या विहिरीला पूर्वी हात घातला की पाणी लागायचे. आता त्याच शेतात बोअर किती फूट खाली गेला आहे, हे मामेभाऊ पाहुण्यांसमोर सांगत नाही. वर्षानुवर्षे सोयाबीनवर गहू, गव्हावर सोयाबीन. पिवळा मोझॅक पडला की शेतच्या शेत हळदीसारखे होते. आपले सरासरी उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आसपास अडकले आहे, ब्राझीलचे त्याच्या तिप्पट.

आता ब्राझीलचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट मला नोकरीत असताना कोणी सांगितली नाही, निवृत्तीनंतर वाचनात आली, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पेरू देश आहे. त्याच्या समुद्रात बोटभर लांबीचा अँचोव्ही मासा मिळतो. तो वाळवून, दळून त्याची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांना घालत. १९७० साली पेरूने १२० लाख टनांच्या वर मासा काढला. मग १९७२ साली एल निनो आला, समुद्राचे पाणी तापले, आधीच बेसुमार उपसलेला मासा गेला. १९७३ पर्यंत पकड वीस लाख टनांच्या आसपास आली. माशाची भुकटी नाही म्हटल्यावर सगळे जग सोयाबीनच्या पेंडीकडे धावले आणि भाव गगनाला भिडले. तेव्हा सोयाबीन विकणारा मोठा देश एकच, अमेरिका. तिथे महागाईची ओरड झाली आणि २७ जून १९७३ रोजी निक्सन सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. करार झालेले, पैसे ठरलेले, जहाजे लागलेली, सगळे ठप्प.

बंदी काही आठवडेच कडक राहिली. पण जपानने धसका घेतला. त्यांचे टोफू, मिसो, सोया सॉस, रोजचे जेवणच त्यावर, आणि जवळजवळ सगळा दाणा अमेरिकेचा. त्यांनी ठरवले की पुन्हा एका दुकानदारावर विसंबायचे नाही. त्यांनी ब्राझीलशी बोलणी केली आणि १९७९ पासून दोन दशके तिथल्या सेराडो नावाच्या प्रदेशात पैसा आणि तंत्रज्ञान ओतले. सेराडो म्हणजे झुडपे, गवत आणि वाकड्यातिकड्या झाडांचा माळ, आपल्या देशाच्या साठ टक्के एवढा विस्तार. जमीन आंबट, म्हणून चुना टाकून ती गोडी केली. उष्ण हवेत येणारे वाण काढले. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचे ते काम खरोखर मोठे आहे. जोहाना डोबेराइनर या बाईंनी नत्र धरणाऱ्या जिवाणूंवर जे संशोधन केले, त्याने त्या देशाचा रासायनिक नत्राचा केवढा तरी खर्च वाचला. पण त्या माळावरच्या झाडांची मुळे वरच्या खोडापेक्षा खोल, पाणी धरून ठेवणारी. ब्राझीलच्या कितीतरी नद्या तिथे उगम पावतात. आज त्या प्रदेशातली जवळपास निम्मी मूळ वनराई नाही.

बघा हं. पेरूत मासा संपला. वॉशिंग्टनमध्ये घाईत एक हुकूम निघाला. जपानी माणसाच्या टोफूची काळजी वाढली. आणि जंगल गेले ब्राझीलचे. यातल्या कोणाच्याही मनात जंगल तोडायचे नव्हते. मंडीतल्या भावाच्या फळ्यावर यातले एकही अक्षर कधी उमटले नाही. मी स्वतः रोज सकाळी शिकागोचा भाव बघत होतो, त्या आकड्याच्या मागे एवढे असेल असे कधी डोक्यात आले नाही.

म्हणजे या व्यापाराला आवर घालताच येत नाही का? येतो. एकदा घातला गेला आहे. सेराडोच्या उत्तरेला ॲमेझॉनचे जंगल. २००६ साली ग्रीनपीसने दाखवून दिले की युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या कोंबडीच्या तुकड्याचा माग काढत गेले, तर तो जंगल तोडून केलेल्या सोयाबीनच्या शेतापर्यंत जातो. युरोपातल्या विक्रेत्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याच वर्षी जुलैत ब्राझीलमधल्या मोठ्या व्यापारी कंपन्यांनी ठरवले की यापुढे ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा दाणा घ्यायचा नाही. उपग्रहाने लक्ष ठेवायचे. पुढे संशोधकांनी मोजले, तर त्यापूर्वी ॲमेझॉनमधल्या सोयाबीनच्या वाढीपैकी सुमारे ३० टक्के वाढ थेट जंगलतोडीवर होत होती. २०१४ पर्यंत ती एका टक्क्यावर आली. आणि सोयाबीन काही कमी झाले नाही, आधीच मोकळ्या असलेल्या कुरणांवर ते वाढले.

खरेदी विभागातला माणूस म्हणून मला यातली एक गोष्ट फार पटते. शेतकरी हजारो, खाणारे कोट्यवधी, पण मध्ये तराजू धरणारे मोजकेच. त्या मोजक्यांनी "हा माल घेत नाही" म्हटले की वरपासून खालपर्यंत कळते. आम्हीही मंडीत ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की कडता कापत होतो. नंतरच्या वर्षी शेतकरी दाणा वाळवूनच आणायचा. (ओलावा मोजणारे यंत्र प्रत्येक वेळी खरेच बोलत होते का, असा प्रश्न पाटणकर चौकडीतल्या मित्रांनी मला अनेकदा विचारला आहे. आज गणपतीसमोर उभा आहे, तेव्हा एवढेच म्हणतो की ते यंत्र चुकले तर नेहमी एकाच बाजूला चुकायचे.)

पण तो ठराव ॲमेझॉनपुरता होता, सेराडोला लागू नव्हता. तिकडची तोड चालूच राहिली. आता युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला आहे की सोयाबीन, पाम, कॉफी, कोको, रबर, लाकूड आणि गुरे, यांतला जो माल येईल तो ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा नसावा, आणि कोणत्या शेतातून आला त्याचा नकाशावरचा ठिकाणा द्यावा. तो लागू होण्याची तारीख ३० डिसेंबर २०२४ ठरवली होती. हेतू चांगला. पण मला मामेभावाच्या गावातली ती दोन-दोन, चार-चार बिघ्यांची शेते दिसतात. माल आडत्याकडे एका ढिगात पडतो, तिथून प्लांटमध्ये एका गोदामात. कोणता दाणा कोणत्या शेताचा, हे देवालाही सांगता यायचे नाही. मालव्याची जमीन शेकडो वर्षांची वाहितीची, इथे सोयाबीनसाठी कोणी ॲमेझॉन तोडले नाही, तरी निर्दोष असल्याचा पुरावा द्यायचा खर्च इथल्या माणसावर. युरोपातल्या ग्राहकाला जंगल हवे असेल तर त्या नकाशाचे पैसे त्याच्या बिलात यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच वेळी आपली बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आपल्या सोयाबीनचे वाण जनुकबदल केलेले नाही, म्हणून परदेशात त्याला थोडा जास्त भाव मिळायचा. सेंद्रिय म्हटले की आणखी जास्त. मग कागदावरचे सेंद्रिय शेतातल्या सेंद्रियापेक्षा वाढले. २०२१ साली अमेरिकेने आपल्या सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली. ज्यांनी खरोखर शेणखत घातले, तण हाताने काढले, त्यांचेही नाव त्यात बुडाले.

आता घरची गोष्ट सांगतो. मामेभावाचे नाव घेत नाही, कारण त्याची मुलगी पाचव्या रांगेत बसली आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. तेव्हा शेतकऱ्याकडे दाणा नव्हताच, पेरून झालेला. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली, सरकारने बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, तीही जनुकबदल केलेल्या दाण्याची. नवे पीक मंडीत यायच्या सुमाराला भाव खाली. मामेभावाने साठ क्विंटल घरात ठेवले. २०२२ च्या चैत्रात भाव सात हजारांच्या वर गेला. त्याने फोन केला, "दादा, विकू का?" तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती, पण चौतीस वर्षांची घमेंड कुठे जाते? मी म्हटले, थांब. युक्रेनच्या लढाईने सूर्यफूल तेल अडले आहे, दहा हजार पुन्हा दिसतील. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली. मीच फोन केला, "आता तर मुळीच विकू नकोस." २३ मे रोजी इंडोनेशियाने बंदी उठवली. २४ मे रोजी आपल्या सरकारने सोयाबीन आणि सूर्यफूल, दोन्हींचे वीस-वीस लाख टन कच्चे तेल दोन वर्षे बिनशुल्क आणायला मोकळीक दिली. दोन दिवसांत माझी चौतीस वर्षे निकालात निघाली. त्याने दाणा विकला तो नवे पीक दाराशी आल्यावर, पाच हजारांनी. क्विंटलमागे दोन हजार, साठ क्विंटल, हिशेब तुम्हीच करा. तो मला एका शब्दाने बोलला नाही. दिवाळीला नेहमीसारखा गहू पाठवला. तो गहू दळायला टाकताना माझ्या बायकोने विचारले, "याचे पैसे देणार आहात ना?" मी दिले, त्याने घेतले नाहीत.

आणि परवाची गोष्ट. गेल्या महिन्यात सोयाबीन चार हजारांच्याही खाली गेले, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या भावावर. हमीभाव ४,८९२. शेतकरी सहा हजार मागत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले, तुम्ही पाहिलेच. लातूरकडच्या आपल्या नातलगांचेही तेच रडगाणे. मग काल, १४ तारखेपासून कच्च्या तेलावर २० टक्के मूळ शुल्क लागले. अधिभार धरून साडेपाचाचे साडेसत्तावीस टक्के झाले. शेतकऱ्याला बरे वाटले. आज सकाळी आमच्या किराणेवाल्याने डब्यामागे भाव वाढवून सांगितला. म्हणजे माझी मामेबहीण आणि माझी बायको, एकीला बरे तर दुसरीला महाग, आणि दोघी एकाच पंक्तीला जेवणार.

मला शुल्क वाढले याचे वाईट वाटत नाही, कमी झाले असते तरी मी भांडलो नसतो. माझी तक्रार आहे ती रात्री निघणाऱ्या हुकमांची. जूनमध्ये पेरणारा माणूस ऑक्टोबरचा भाव गृहीत धरून बियाणे घेतो. हमीभावाच्या खाली बाजार गेला तर शुल्क किती वाढेल आणि वर गेला तर किती उतरेल, हे पेरणीआधी छापून सांगता येणार नाही का? मग शेतकऱ्यालाही कळेल, गृहिणीलाही कळेल, आणि रोसारियोच्या व्यापाऱ्यालाही कळेल. ज्याला पुढच्या वर्षीचा भरवसा नाही, तो जमिनीत पुढच्या दहा वर्षांचे काही घालत नाही. तुरीच्या चार ओळी लाव, एखाद्या वर्षी ज्वारी घे, शेणखत टाक, असे सांगायला कृषी अधिकारी येतात. मामेभाऊ ऐकून घेतो. अनिश्चित बाजारात माणूस मातीतूनही उचल घेतो, जशी सावकाराकडून घेतो.

आपल्या घरापुरते एक सांगून थांबतो, नाहीतर पुऱ्या गार होतील. स्वातंत्र्यानंतरच्या काळात माणशी वर्षाला तीन किलोच्या आसपास तेल लागायचे, आता एकोणीस किलोच्या वर गेले आहे. आहारतज्ज्ञ बारा पुरे म्हणतात. सराफ्यातल्या गराडूचा आणि कचोरीचा हिशेब धरून बोलतो आहे, मीही इंदूरचाच आहे. पण वरचे जे सात किलो आहेत, ते कोणत्या ना कोणत्या परक्या जंगलाच्या जागेवर उगवलेले असू शकतात, आणि त्यांच्या दबावाने इथल्या दाण्याचा भाव पडतो. डॉक्टर जे सांगतात तेच मामेभावाच्या हिताचे निघावे, असा योग फार वेळा येत नाही.

काल रात्री त्याचा फोन आला होता. शेंगा भरल्या आहेत, दोन-तीन आठवड्यांत कापणी लागेल. शुल्क वाढल्याची बातमी त्याने ऐकली होती. "दादा, या वेळी ठेवू का विकू?" मी म्हटले, बाबा रे, मला कळत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसला आणि म्हणाला, "चला, म्हणजे आता तुम्ही शेतकरी झालात." अर्धे विकायचे आणि अर्धे ठेवायचे, असे त्याचे त्यानेच ठरवले. आणि विहिरीकडच्या सहा बिघ्यांत पुढच्या वर्षी तूर-ज्वारी टाकून बघतो म्हणाला. कडब्याची गंजी लागली की फोटो पाठवतो म्हणाला.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत. गणपती बाप्पा मोरया.